खोपोलीपुढचा घाट

बुधवार, ४ ऑक्टोबर १९३९

आज खोपोलीला गाडी दिली. माझ्याच हाताने. चावी दिली, हँडल दिलं, वर "सांभाळून ने" हेही मीच म्हटलं.

सगळं त्या नव्या मोटार कायद्यामुळे. ड्रायव्हरने सलग पाच तासांच्या वर चालवायचं नाही, मग अर्धा तास बसायचं, आणि दिवसाचे मिळून नऊ. अलिबागची मासळी पुण्याच्या सकाळच्या बाजारात पोचली तर मासळी, नाहीतर खत. सहा वर्षं मी एकटा वर जात होतो, एकटा खाली येत होतो. तास कुणी विचारले नाहीत. आता पेणच्या नाक्यावर हवालदार विचारतो. म्हणून शेठनी रस्ताच मधून कापला. अलिबाग ते खोपोली मी. तिथून संध्याकाळी दुसरा चढणार, घाट चढून पुण्याला माल टाकणार, सकाळी रिकामी गाडी खोपोलीला आणणार. मग ती मी खाली न्यायची आणि दुपारी परत भरायची.

दुसरा म्हणजे तुकाराम जगताप. मावळातला. लष्करात गाडी चालवलेली. बुटका, हसरा. पाय पोचेनात म्हणून पाठीला घोंगडीची घडी लावून बसला. माझ्या जागेवर घोंगडी.

खाणावळीच्या ओट्यावरून बघत राहिलो. पहिल्या वळणाला गिअर बदलला. चुकेल असं वाटलं होतं. चुकला नाही.

गुरुवार, ५ ऑक्टो.

सकाळी गाडी आली. तंबाखूचा वास. भोंग्याला पिवळा गोंडा बांधलाय. विचारलं नाही, बांधला.

म्हणतो, "गाडी लई गुणाची हाय. घाटात हूं का चूं केलं न्हाई."

दुसऱ्या वळणावर ती धापा टाकते. सहा वर्षं टाकते आहे. रेडिएटरवर पाणी ओतून, गोडीगुलाबीने घ्यावी लागते. ह्याच्यासाठी मुकाट चढली म्हणे. खोटं बोलत असेल.

गोंडा पेणच्या पुलावर सोडून टाकला.

रविवार, ८ ऑक्टो.

शेठ शनिवार-रविवारी माल पाठवत नाहीत, म्हणून शनिवारी आणलेली गाडी सोमवार दुपारपर्यंत अलिबागला उभी. दिवसभर पोयनाडला, घरी.

यमुनेला सहज सांगितलं, मावळातला जगताप म्हणून कोणी आलाय. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"कुठला जगताप? कामशेतचा? बुटका हाय का?"

"हो."

"म्हणजे आमचा तुका!"

मग सुरू झाली. ओढ्याला पाणी आलं की तो पोरींना खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचा. तिच्या बापाच्या म्हशी त्यानेच सांभाळल्या. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून एकटाच. तिच्या आईला मावशी म्हणतो. लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्याशी एका बैठकीत इतकं कधी बोललेली आठवत नाही. बोलताना तिची भाषासुद्धा घाटावरची झाली.

यापुढे इथे नुसतं ज. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात होत नाही.

मंगळवार, १० ऑक्टो.

यमुनेने सुक्या बोंबलांचं बोचकं दिलं, "तुकाभाऊकडे द्या, आईला पोचवील." दिलं.

कामशेतला सासूबाईंचं घर सडकेलाच आहे. इतकी वर्षं बोचकं मीच नेत होतो. भोंगा वाजवला की म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन दारात. "आलं का जावईबापू" म्हणायची, तोंडावरून हात फिरवायची. मला आई नाही. ते ताक गाडी चालू ठेवूनच प्यायचो, तरी पोटभर वाटायचं.

ज. बोचकं घेऊन म्हणाला, "आता तुमास्नी दाजी म्हनायचं. आमच्या गावच्या पोरीचं मालक तुमी."

दाजी म्हणे.

शनिवार, १४ ऑक्टो.

ज.ने शेंगांची पिशवी आणली, सासूबाईंकडून. निरोपही आणला, पण तो "यमीला सांगा" म्हणून. यमी! सांगितला. भिंतीला पोपडे आले होते ते लिंपून घेतले, काळजी करू नको, असा काहीतरी. यमुनेने चार वेळा विचारलं, "अजून काय म्हणाला?" मी म्हटलं, "मी काय टपालाचा डबा आहे?" तिने शेंगा भाजल्या. मी खाल्ल्या नाहीत. नंतर खाल्ल्या.

बुधवार, १८ ऑक्टो.

शेठकडे गेलो. रस्ताभर हिशोब केला होता. धरमतरला खाडी ओलांडायला गाडी तरीवर, त्या मोठ्या सपाट होडीवर, चढते, तासन्‌तास तिथे बसून राहावं लागतं, इंजिन बंद. ते तास चालवण्यात का धरायचे? ते सोडले तर मी एकटा पुण्याला पोचतो, कायदा न मोडता. तिथे झोपेन, दुसऱ्या दिवशी खाली येईन. ज.ची गरजच नाही.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. पान लावत होते.

"अरे दामू, तू झोपेल तर गाडी पण झोपेल ना? मला तो रोज गाडी पायजे. आणि पुण्याचा वेपारी काय बोलला, मालूम? माल आता पहिल्यापेक्षा ताजा येते. बोलला, नवा ड्रायवर कोण ठेवला?"

नवा ड्रायव्हर. धरमतरच्या उन्हात मासळीवर ओली पोती टाकत बसतो तो मी. बरफ फुटू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला गाडी चुचकारतो तो मी. ताजी मात्र ज.मुळे.

रविवार, २२ ऑक्टो. दसरा

सकाळी चालत निघून, मग एका टांग्यातून अलिबागला गेलो, गाडीची पूजा करायला. दर वर्षी मीच करतो. हार, नारळ, सगळं घेऊन. बघतो तर पुढच्या काचेखाली हळदकुंकू वाळलेलं, चाकांना झेंडूच्या माळा. काल सकाळी खोपोलीला गाडी मला द्यायच्या आधीच ज.ने उरकून घेतलं होतं. काल मी घाईत होतो, चाकांकडे बघितलंच नव्हतं.

तरी मी परत केली. त्याच्या माळा काढल्या नाहीत. माझा हार वरून घातला. गाडी नवऱ्यामुलासारखी दिसत होती आणि मला रडू येत होतं.

गुरुवार, २६ ऑक्टो.

हात दुखतो आहे, तरी लिहितो. नंतर वेगळं आठवेल.

काल धरमतरला ओहोटीत तरीची होडी चिखलात रुतली. तिच्यावर दोन बैलगाड्या होत्या, आमचा नंबर मागे. पाट्यांतून बरफाचं पाणी गळून सडकेवर ओहोळ झाला. खोपोलीला पोचलो तर दिवे लागले होते. ज. बाहेर नाही. आत जाऊन बघतो तर खाणावळीच्या माळ्याखाली दोन घोंगड्या घेऊन कुडकुडत पडलेला. हिवताप.

"दाजी, आज मला जमंना."

मी म्हटलं, "पडून राहा." आणि मला आनंद झाला. त्याचा ताप बघून आनंद झाला.

त्याने माझा हात धरला. हात तव्यासारखा. "तुमचं तास भरलं असतील. सकाळधरनं गाडीवर हाय तुमी. अर्धा तास तरी बसा. न्हाईतर मासळी ऱ्हाऊं द्या हितंच."

बसलो नाही. त्याने सांगितलं म्हणून तर मुळीच बसलो नाही. घोंगडीची घडी काढून मागे फेकली आणि निघालो.

पहिली दोन-तीन वळणं कशी गेली काय सांगू. दुसऱ्या वळणावर तिने धापा टाकल्या. माझ्याजवळ टाकल्या! मी खाली उतरून पाणी ओतलं, बॉनेटवर हात फिरवला. वाटलं, ओळखलंस ना.

त्याच्या पुढचं नीट आठवत नाही. दगडाचा आवाज झाला तेव्हा डोळे उघडले. म्हणजे मिटले होते. पुढच्या डाव्या चाकावरचा पंखा कठड्याला घासला होता, पत्रा चाकावर दुमडलेला. कठडा होता म्हणून. खाली किती खोल आहे ते दिवसा बघितलेलं होतं, तेवढं पुरे झालं. पत्रा पहारीने वर केला, झऱ्यावर तोंड धुतलं आणि खंडाळा, लोणावळा बैलाच्या चालीने काढलं.

कामशेतला सासूबाईंच्या दारात थांबलो. कायद्याचा तो अर्धा तास इथे बसू, ताक पिऊ, म्हणून. भोंगा वाजवला. दार उघडलं नाही. आतून आवाज आला,

"तुका आला व्हय रं?"

मी बाहेरच उभा. परत आवाज, "तुका, कडी काढलेली हाय, ये."

आत गेलो. सासूबाई खाटेवर, पायाला कामट्या बांधलेल्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विहिरीवर घसरल्या. मला ओळखायला वेळ लागला, मग रडायला लागल्या. ज.ने हाडवैद्य आणला. जाताना पाणी भरून ठेवतो, येताना चूल पेटवून कढत पाणी देतो, मग गाडी खाली आणतो. दिवसा शेजारीण असते. मी विचारलं, यमुनेला कळवलं का?

"यमीला ठावं हाय की. तुका निरोप देतोय ना तुमच्याकडं. तुमास्नी न्हाई सांगितलं?"

भिंतीचे पोपडे. लिंपून घेतले. काळजी करू नको. तो निरोप मी माझ्या तोंडाने नेला होता आणि मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

भिंतीला टेकून बसलो. अर्धाच तास. डोळे उघडले तेव्हा अंगणात ऊन होतं.

पुण्याला पोचलो तर बाजार उठत आलेला. सरंग्यांचे डोळे बसले होते. व्यापाऱ्याने पाटीत हात घातला, नाकाशी नेला आणि हात धुतले. निम्म्याहून जास्त माल नाकारला.

शुक्रवार, २७ ऑक्टो.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. पंख्याभोवती दोनदा फिरले. "किती तास चालवला, खरा बोल." मग म्हणाले, "मासळी काय, दर्यामधी उद्या पण हाय. तू गेला असता तर?"

ज. असता तर गाडी लागली नसती, हे म्हणाले नाहीत. मला ऐकू आलं.

ज. उठेपर्यंत शेठ पनवेलहून कुणालातरी बोलावणार आहेत. मला वर जायची मनाई.

रविवार, २९ ऑक्टो.

यमुनेशी भांडलो. आवाज शेजारी गेला असेल.

"आईचा पाय मोडला, सगळ्या मावळाला माहीत, आणि मला नाही?"

ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "सांगितलं असतं तर खोपोलीला गाडी दिली असती त्याच्या हातात?"

"माझी सासू आहे ती."

"म्हणूनच. तुम्ही तास बघितले असते का? रोज वर गेला असता, रोज खाली आला असता, न झोपता. एकदाच तसे वर गेलात तर काय झालं ते बघितलंत." तिने तवा उतरवला. "मला आई पायजे, आणि तुम्ही पण पायजे. तुकाभाऊला मीच सांगितलं होतं गप राहायला."

"कधी सांगितलंस? भेटलीस कधी?"

"बोंबलाच्या बोचक्यात चिठ्ठी होती. आईला काही झालं तर तुम्हाला कळू द्यायचं नाही, भिंतीचं नाव घेऊन मला कळवायचं, म्हणून."

खरं बोलली. लपवलं नाही. चिठ्ठीत वाईट काही नव्हतं, आईचीच काळजी होती. पण ते बोचकं मी नागोठणे फाट्यापासून मांडीवर ठेवलं होतं, गाडी उडते म्हणून, बोंबील मोडतील म्हणून.

भाकरी खाल्ली नाही. तिनेही नाही.

शनिवार, ४ नोव्हें.

ज. कामावर आला. गालफडं बसलीत. गेलेल्या मासळीबद्दल अक्षर नाही. दुपारपर्यंत खोपोलीत थांबवून घेतलं आणि लाकडी हातोड्याने पंखा ठोकून सरळ केला. रंगसुद्धा लावला. आता कुठे लागलं होतं ते मलाही सापडत नाही. तेवढी एक खूण राहू द्यायची होती.

गुरुवार, ९ नोव्हें.

बंदरावर सुरमई खूप. कोळणी भराभर पाट्या देत होत्या. एकजण म्हणाली, "तो हसरा डायवर कवा येतंय खाली? तुजा त्वांड बघून मासली आंबंल." सगळ्या हसल्या. मीही हसलो. पेणपर्यंत जबडा दुखत होता.

सोमवार, १३ नोव्हें. भाऊबीज

यमुनेला भाऊ नाही. दर वर्षी चंद्राला ओवाळते. यंदा म्हणाली, "तुकाभाऊला खाली बोलवा." सकाळच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने तो आला, आंघोळ करून, डोक्याला पांढरा पटका.

पाटावर बसला. तिने ओवाळलं. त्याने खण दिला, हिरवा. मी इतक्या वेळा पुण्याला गेलो, हिरवा खण मला कधी दिसला नाही. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग त्याच्याही. मी ओटीवर जाऊन बिडी पेटवली.

भाऊ आहे म्हटल्यावर कसली जळजळ? मनाला विचारलं. मन म्हणालं, भाऊ आहे म्हणूनच. दुसरं काही असतं तर निदान लोक माझ्या बाजूने बोलले असते.

दुपारी भरलेली गाडी घेऊन दोघे वर. तरीवर बसलो असताना तो खाडीकडे बघत म्हणाला,

"दाजी, एक बोलू? डाक्टर म्हन्तो, घाटातली थंडी माझ्या छातीला सोसायची न्हाई. तुमी घाट घ्या. मी खालचं चालवतो. मावशीकडं जाता-येता तुमी थांबाल, म्हातारीला जावई घरात दिसंल. तुमचं बी तास बसत्यात, माझं बी. शेटला म्या विचारलंय. त्ये म्हनलं, दामू व्हय म्हनला तर माझी ना न्हाई."

घाट परत. दुसरं वळण परत. ताकाचा तांब्या. पेणपर्यंत मी त्याला दोनदा बिडी दिली.

पेणच्या पुढे लक्षात आलं. खालची गाडी रोज दुपारी पोयनाडवरून जाते. मी रोज दुपारी जेवायला थांबतो.

गुरुवार, १६ नोव्हें.

यमुनेला सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

"बरंच झालं की. आईजवळ घरचं माणूस राहील."

"आणि मी इथे फक्त रविवारी."

"आता तरी कुठं असता? ताटावरून उठून तर गाडीत बसता." मग म्हणाली, "तुकाभाऊचं जेवण मी करीन. खानावळीचं खाऊन ताप येतोय त्याला. सांगितलंय मी तसं."

"कधी सांगितलंस?"

"भाऊबीजेला."

म्हणजे तरीवर तो मला विचारत होता तेव्हा दुपारचं जेवण ठरलेलं होतं. मला सोडून सगळ्यांचं सगळं आधी ठरतं. खालचा रस्ता त्याला दिला तर तो इथे वाढून घेणार. वरचा ठेवला त्याच्याकडे, तर तिथे म्हातारी "तुका आला का" म्हणणार. रस्ता एकच आहे, आणि मी ज्या टोकाला नसेन तिथे तो असणार.

ती वाईट नाही. तोही नाही. एखादा वाईट असता तर झोप लागली असती.

रविवार, १९ नोव्हें.

शेठना उद्या सांगायचं आहे.

ज. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने पोयनाडला आला, खालचा रस्ता समजून घ्यायला. मी हो म्हटलेलं नाही अजून. पण आला. यमुनेने वालाची उसळ केली. दोन ताटं शेजारी शेजारी मांडली, त्याला आधी वाढलं. पाहुणा म्हणून.

जेवण झाल्यावर ओटीवर बसलो. त्याने बारीक बारीक विचारलं. मन लावून विचारतो, चेष्टा करत नाही, ते खरं. पेणच्या हवालदाराला काय सांगायचं. ओली पोती किती वेळाने बदलायची. वडखळच्या पुढचा खचलेला भाग कुठल्या बाजूने काढायचा. सगळं सांगितलं. सांगताना बरंही वाटलं, कुणीतरी मला विचारतंय. त्यानेही घाटातल्या सगळ्या नव्या खुणा सांगितल्या, कुठे दरड सैल आहे, कुठे कठडा तुटलाय. काही राखून ठेवलं नाही. यमुना दाराशी उभी राहून ऐकत होती. एकदा माझ्याकडे बघून हसली. खूप दिवसांनी.

संध्याकाळी त्याला मोटारीपर्यंत सोडलं. "येतू दाजी," म्हणाला.

धरमतरच्या तरीवर ओहोटीत गाडी चढवताना डावं चाक कडेच्या फळीवर पडू द्यायचं नाही, आतल्या फळीवरच धरायचं. नाहीतर तरीची होडी कलते. एक भरलेली गाडी तशी खाडीत गेलेली मी या डोळ्यांनी बघितली आहे. तरीवाले सांगत नाहीत. त्यांना वाटतं ड्रायव्हरला माहीत असतं.

हे एवढं सांगायचं राहिलं. त्याने विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.